हिरवळीला आले दात

दातांच्या डॉक्टरांनी सकाळी दार उघडलं आणि किंचाळलेच. रात्रीतून त्यांच्या लाडक्या हिरवळीत पांढऱ्या गोल टोप्यांची अर्धवर्तुळाकार रांग उगवली होती. आणि उगवायचा मुहूर्त तरी बघा! तासाभरात हिरवळ स्पर्धेच्या परीक्षकबाई येणार होत्या.

"अहो, कुत्र्याच्या छत्र्या आहेत त्या," बायको दारातूनच म्हणाली. "झाडून टाका. उगाच बाऊ नका करू."

"झाडून? अगं, मूळ आत राहिलं की पुन्हा ठणका सुरू!"

आता ठणका कोणाला, हिरवळीला की डॉक्टरांना, हे विचारायची सोय नव्हती. दरवर्षी पहिलं बक्षीस शेजारचे पट्टीकाका पटकवायचे. हा गृहस्थ गवत पट्टीने मोजून कापायचा. यंदाही हरलो तर आख्खी हिरवळ तुझ्या भाजीपाल्याला, असं डॉक्टर रागाच्या भरात बायकोला कबूल करून बसले होते. बायको तेव्हापासून फारच गोड वागत होती.

डॉक्टरांनी घरातल्याच दवाखान्यातून दाढ काढायची पकड आणली आणि गुडघे टेकून एकेक छत्री हलवून, सैल करून, मुळासकट उपटायला सुरुवात केली. सवय कुठे जाते! "दुखलं तर हात वर करा," असं ते मधूनमधून गवताला सांगत होते.

छत्र्या गेल्या, खड्डे राहिले. खड्डा दिसला की डॉक्टरांचा हात आपोआप कापसाकडे जातो. प्रत्येक खड्ड्यात एकेक बोळा दाबून ते समाधानाने मागे सरकले.

बायकोने चष्मा चढवला. "आधी पांढरं होतं, आताही पांढरंच आहे. मग इतका वेळ केलंत काय?"

तेवढ्यात भिंतीवर पट्टीकाकांचं डोकं उगवलं. "काय डॉक्टर, यंदा कापूस पेरलात वाटतं?"

डॉक्टरांचं पित्त खवळलं. बोळे उपसून ते आत पळाले, कवळी बनवायचा गुलाबी मसाला कालवून आणला आणि खड्डे भरले. घाईघाईत जरा जास्तच भरले. तो मसाला बघता बघता दगडासारखा घट्ट झाला. वरून कापलेलं गवत भुरभुरलं आणि म्हणाले, "आता बघू कोणाला काय दिसतंय ते!"

दिसलं खरंच काही नाही. पण परीक्षकबाईंची रीतच वेगळी. त्यांनी फाटकातच चपला काढल्या.

"हिरवळ डोळ्यांनी नाही, तळव्यांनी बघायची असते," म्हणत बाई डोळे मिटून चालू लागल्या.

"बाई, तिकडे नको! तिकडे जरा..."

धप्प! बाई तोंडावर आपटल्या. उठल्या तेव्हा पुढच्या दाताचा टवका उडाला होता. सकाळपासून पहिल्यांदाच डॉक्टरांना समोर काय झालंय ते नीट कळलं. त्यांनी बाईंना उचलल्यासारखंच आत नेलं, खुर्चीत झोपवलं, तोंडात कापूस कोंबला आणि उडालेला टवका फार सुंदर भरून दिला. मग जगातल्या तमाम दातांच्या डॉक्टरांसारखा नेमका त्याच वेळी प्रश्न विचारला.

"मग बाई, निकाल काय?"

बाईंनी पट्टीकाकांच्या घराकडे बोट केलं.

"आडवं पडल्यावर माणसाचा दिशेचा गोंधळ होतो," म्हणून डॉक्टरांनी खुर्ची गर्रकन फिरवली. बोट उलटं फिरून पुन्हा तिकडेच गेलं.

"अहो, आटपा लवकर!" बाहेरून बायकोचा प्रसन्न आवाज आला. "ते गुलाबी दगड तेवढे काढून द्या. मला भोपळा लावायचाय."

डॉक्टरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दात थोडा घासायचा राहिला होता. त्यांनी घासायचं मशीन सुरू केलं आणि खिडकीतून आपल्या हिरवळीकडे डोळे भरून बघत, तसंच ते बाईंच्या तोंडाकडे नेऊ लागले.

बाईंचं बोट सरकन वळलं आणि डॉक्टरांच्या छातीवर येऊन टेकलं.

"मी? पहिला?"

बाईंनी हो म्हणून मान हलवली. अगदी जपून हलवली, कारण मशीन अजून चालूच होतं.