प्लोव्हरचा बहुमान

विड्कोट व परिसर मोटार मंडळाची निकृष्ट वाहन उपसमिती दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी अडीच वाजता, गावच्या सभागृहात भरते. ब्रिटनमध्ये आजवर बांधल्या आणि विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी सर्वांत वाईट कोणती, हे ठरवणे एवढेच तिचे काम. एकोणीस वर्षे झाली, समितीला ते ठरवता आलेले नाही. त्यामुळे समितीचे काम सुरळीत चालू आहे असे सर्वांचे मत आहे. विजेत्यासाठी घेतलेला चांदीचा चषक सचिव मिसेस मॉरीन टिंडल दर महिन्याला घासूनपुसून परत कपाटात ठेवतात.

यंदा समितीपुढे एक नवा चेहरा होता. मेरिअल हॉबडे, वय एकोणतीस, कडेवर दहा महिन्यांची विनी. सभासद खरा तिचा नवरा डंकन; पण त्याला रजा नव्हती आणि अशा वेळी मताचा हक्क बायकोकडे जातो असा पोटनियम होता. तिच्या पिशवीत दोन डायपर, एक केळे आणि त्रेचाळीस पानांचे निवेदन होते.

निवेदन होते घरच्याच गाडीबद्दल. हार्डिंग-वेन प्लोव्हर, रंग मोहरीचा, डंकनला काकांच्या मृत्युपत्रातून मिळालेली. या गाडीचे मागचे डावे दार गोल चौकात वळताना आपोआप उघडत असे. विनीची खुर्ची मागे डावीकडेच बसवावी लागे, कारण उजवीकडे सीटबेल्टच नव्हता. आणि घर ते पाळणाघर या वाटेवर गोल चौक होते पाच. डंकनने आपल्या झोपायच्या झग्याचा पट्टा त्या दाराला बांधून विषय संपवला होता. मेरिअलचा मात्र संपला नव्हता. ती प्रत्येक चौकात एक हात मागे टाकून गाडी चालवी, आणि रात्री अंथरुणातही तिचा तो हात मागेच राही.

दुसरी गाडी घेऊ, असे तिने सांगून पाहिले होते. डंकनचे उत्तर ठरलेले. "अगं, चाळीस वर्षांच्या पुढची गाडी आहे. तिला वार्षिक तपासणी माफ आहे. सरकार उगाच माफ करतं का?"

शेवटी एका सकाळी, टोस्टवर मार्मालेड लावता लावता, तो म्हणाला की समितीने लेखी दिले की ब्रिटनमधली सर्वांत वाईट गाडी हीच, तर विकून टाकू. डंकन दिल्या शब्दाला जागणारा माणूस होता. शिवाय समितीने काही ठरवल्याचे त्याने आयुष्यात ऐकले नव्हते.

सभा सुरू झाली. अध्यक्ष मिस्टर क्लाइव्ह ऑसलर यांनी मागील कार्यवृत्त वाचले, ते मंजूर झाले, चहा आला, बिस्किटे फिरली. मग चर्चेला तोंड फुटले. एका सभासदाने ज्या गाडीची बाजू मांडली ती इतकी वाईट होती की कारखान्याला एकही विकता आली नव्हती; कामगारांना फुकट वाटावी लागली. समितीने दुखवटा पाळावा तसे मिनिटभर मौन पाळले आणि ‘बांधलेली आणि विकलेली’ या कलमाखाली ती बाद केली. दुसऱ्याची गाडी एक्क्याऐंशी सालापासून जागची हललेली नव्हती. त्यावर मिस्टर नॉर्मन पेजेट यांनी हरकत घेतली.

"जी हलतच नाही, ती कुणाचं काय बिघडवणार?" ते म्हणाले. "माझ्या मेहुण्यासारखी आहे ती. त्याला मी वाईट म्हणत नाही."

हरकत मान्य झाली. वाईटपणा हा चालता-फिरता असला पाहिजे, असा ठराव नोंदवला गेला. आता मैदानात दोनच गाड्या उरल्या: हॉबडे कुटुंबाची प्लोव्हर आणि खुद्द पेजेट यांची बेलरोझ सेंटिनल. पेजेट निवृत्त औषधविक्रेते होते आणि आपली सेंटिनल कधीच पहिल्या झटक्यात सुरू होत नाही हे ते इतर लोक नातवंडांचे गुण सांगतात तशा चेहऱ्याने सांगत.

मेरिअल उभी राहिली. आधी तिने वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितली, मग विनी चमचा आपटते आहे याबद्दल, आणि मग वाचायला सुरुवात केली. इंधनाचा काटा फक्त चढावर खरे बोलतो. हॉर्न वाजवला की काचेवरचे वायपर फिरतात. पावसाचे पाणी आत येते पण बाहेर जात नाही, आणि मागच्या पायपुसण्याखाली अळंबी उगवली आहेत.

"कुठल्या जातीची?" एकाने विचारले.

तिला वाटले होते लोक हादरतील. लोक पुढे सरकून बसले. एका वृद्ध सभासदाने चष्मा काढून डोळे पुसले. जितके भयंकर वाचावे तितके सभागृहातले प्रेम वाढत होते. मग तिने दाराचे प्रकरण वाचले, तारखांसह, एकूण एकसष्ट वेळा.

"ते दार मी बसवायचो, पोरी," अध्यक्ष ऑसलर हळूच म्हणाले. "एकतीस वर्षं होतो कारखान्यात. मागची डावी बाजू माझी."

मेरिअलचे कान लाल झाले. "माफ करा, मिस्टर ऑसलर. माझा तसा हेतू नव्हता. एरवी दार छानच आहे. बंद असताना फार सुबक दिसतं."

"नाही नाही, तू वाच. आमच्या कामाची इतकी बारकाईनं दखल याआधी कुणी घेतली नव्हती."

मतदानाची वेळ आली. हजर सभासद आठ, अध्यक्ष वेगळे. मत हात वर करून द्यायचे होते, म्हणजे सर्वांच्या देखत. प्लोव्हरसाठी तीन हात वर झाले, सेंटिनलसाठी तीन. उरले पेजेट आणि मेरिअल, दोघे आपापल्या गाडीचे. मेरिअलला लख्ख कळत होते की आपला एक हात वर गेला तर आपल्या लेकीचा जीव सुरक्षित. पण चारचौघांत स्वतःच्याच गाडीला मत द्यायचे? विड्कोटमध्ये लोक शेवटचे बिस्किटसुद्धा उचलत नाहीत. ते ताटलीत वाळून जाते, पण कुणी हात लावत नाही. तिने पेजेटांकडे पाहिले. पेजेटांनी मान लववून प्लोव्हरसाठी हात वर केला. आता तर प्रश्नच उरला नाही. मेरिअलचा हात, तिच्या मनाविरुद्ध, तिच्या आईने आणि शाळेने लावलेल्या वळणाने, सेंटिनलसाठी वर गेला.

चार-चार. घरी जाऊन हे डंकनला कसे सांगायचे, याची वाक्ये ती मनात जुळवू लागली.

निर्णायक मत अध्यक्षांचे होते. परंतु त्या दारात अध्यक्षांचे हितसंबंध गुंतलेले असल्याने नियमानुसार ते सभागृहाबाहेर जाऊन उभे राहिले. आत समिती अध्यक्षाविना, बाहेर अध्यक्ष समितीविना. वीस मिनिटांनी मॉरीनबाईंनी तोडगा काढला: प्रत्यक्ष चाचणी. दोन्ही गाड्या तळ्याजवळच्या गोल चौकाला तीन-तीन फेऱ्या घालतील.

प्लोव्हर मेरिअलने चालवायची होती. विनीला तिने मॉरीनबाईंच्या हाती दिले. मागे डावीकडे कोण बसणार, यावर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" असे बराच वेळ चालले. अध्यक्ष नियमाने बाहेरच उभे होते, म्हणून शेवटी तेच बसले. झग्याचा पट्टा सोडण्यात आला. ताशी आठ मैलांच्या वेगाने, तिसऱ्या फेरीत, दार उघडले आणि अध्यक्ष ग्राम सुशोभन समितीच्या डॅफोडिलच्या वाफ्यात जाऊन बसले.

मेरिअल गाडी थांबवून धावत आली. दोघांनी एकमेकांची तीन-तीन वेळा क्षमा मागितली. ऑसलरांना खरचटलेदेखील नव्हते. फुले मात्र आडवी झाली होती. ते उठायचे नाव घेईनात. "पन्नास वर्षं होत आली," ते त्या दाराकडे बघत म्हणाले, "पण अजून अगदी तसंच उघडतं बघ."

मग सेंटिनलची पाळी. पेजेटांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. पेजेट पांढरेफटक पडले. सकाळपर्यंत पहिल्या झटक्यात सुरू होत नव्हती, असे ते शपथेवर सांगू लागले. मग त्यांनी युक्तिवाद केला की गाडीने बिघडायलाच हवे अशा वेळीही जी बिघडत नाही, तिच्याइतकी बेभरवशाची गाडी दुसरी नाही. मुद्दा बिनतोड होता. समितीने त्याची प्रशंसा नोंदवली आणि तो फेटाळला.

अशा रीतीने एकोणीस वर्षांत प्रथमच निर्णय झाला. चषक, प्रमाणपत्र, तीन सह्या. ब्रिटनमध्ये बांधली व विकली गेलेली सर्वांत वाईट गाडी: हार्डिंग-वेन प्लोव्हर. डंकनने प्रमाणपत्र दोनदा वाचले, मोहरी रंगाच्या टपावरून हात फिरवला आणि जड आवाजात म्हणाला, "दिलेला शब्द आहे. विकू."

त्या रात्री मेरिअलचा हात प्रथमच मागे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी टपालाने प्रमाणपत्राची परिशिष्टे आली. कलम चौदा: गाडी मूळ जाहिरातीत ‘कुटुंबाची लाडकी’ म्हणून विकली गेली असल्याने, तिची निकृष्टता नैसर्गिक स्थितीत जतन व्हावी यासाठी ती पाच वर्षांखालील मूल असलेल्या कुटुंबालाच विकता येईल. कलम पंधरा: कोणतीही दुरुस्ती केल्यास बहुमान रद्द होऊन निर्णय पुन्हा समितीकडे जाईल. कलम सोळा: साठ दिवसांत योग्य कुटुंब न मिळाल्यास गाडी विजेत्याकडे आजन्म राहील व पुढे वारसांकडे जाईल.

वारस म्हणजे विनी. मेरिअलने मॉरीनबाईंना दूरध्वनी केला. असले नियम कुणी केले, असे तिने शक्य तितक्या नम्रपणे विचारले.

"आम्हीच केले, बाळ," मॉरीनबाई म्हणाल्या. "विजेता मिळत नव्हता. एकोणीस वर्षं दुसरं काय करणार?"

गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. बातमी पसरली तशी गाडीची किंमत तिप्पट झाली. एका संग्रहालयाने मोटारींच्या दालनात मधली जागा देऊ केली. संग्रहालयाला मूल नसल्याने अर्ज बाद. दोन निवृत्त विमानचालक आले, बाद. एका गृहस्थाने आपला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा वागायला पाचच्या आतला आहे असे पटवून पाहिले. त्या मुलाच्या बायकोने दुजोराही दिला, तरी तोही बाद. पन्नास दिवस गेले. मेरिअल पुन्हा एक हात मागे टाकून गाडी चालवू लागली.

सत्तावन्नाव्या दिवशी डर्बीहून एक तरुण जोडपे आले. गॅरेथ आणि टॅम्सिन, सोबत चौदा महिन्यांचा मुलगा. गॅरेथ गाडीसमोर अक्षरशः गुडघ्यांवर बसला. त्याने अळंबी पाहिली, हॉर्न वाजवून वायपर फिरवले, प्रमाणपत्राचा फोटो काढला. खरोखर सर्वांत वाईट हीच ना, असे त्याने तीनदा विचारले, आणि मेरिअलने छातीवर हात ठेवून तीनदा सांगितले की हिच्याइतकी वाईट गाडी या देशात झाली नाही. गॅरेथ आणि डंकन कागद करायला आत गेले.

टॅम्सिन मात्र मुलाला घेऊन मागे रेंगाळली. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. कचऱ्याच्या डब्यांपाशी तिने मेरिअलला बाजूला घेतले.

"गॅरेथला वाईटच हवी आहे, ते मी बघतेय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "ते प्रमाणपत्र वगैरे पुरुषांचे खेळ. तुम्ही मला एका आईनं दुसरीला सांगावं तसं सांगा. बाळाला घेऊन फिरायला तशी काही अडचण नाही ना?"

तिचा मुलगा मेरिअलकडे बघून हसला. त्याला पुढे दोनच दात होते. आत गॅरेथ सही कुठे करायची ते विचारत होता. साठ दिवसांतले तीन उरले होते.

मेरिअलने काय उत्तर दिले ते इथे नोंदवण्याची गरज नाही. आपण आपली मागची गाडी विकलीत, आणि घेणाऱ्याने किल्ली हातात घेण्याआधी "तसा काही दोष नाही ना?" असे विचारले, तेव्हा आपण चेहऱ्यावरची रेषही न हलवता जे म्हणालात, शब्दशः तेच.