आवृत्तीरावांनी घड्याळ मागे नेलं

"लिहून ठेवा! मी आहे तोवर या घरात नवी आवृत्ती शिरत नाही!" आवृत्तीरावांनी जाहीर केलं आणि कप असा आपटला, की निम्मा चहा बशीत आला.

लिहून ठेवायला समोर एकट्या सासूबाई होत्या, आणि त्या फोनवर पत्ते खेळण्यात दंग होत्या.

आवृत्तीराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात ते संगणकावर पानं लावतात. डोक्यावर भरपूर केस होते तेव्हापासून लावतात. छापखान्यातले सगळे संगणक नवे झाले, पण यांचा एकटा अजून जुन्याच आवृत्तीवर चालतो, म्हणून तिथल्या मंडळींनी हे नाव ठेवलं. त्यांना ते मनातून आवडतंही. शेवटी 'राव' आहे ना!

त्यांचं दुःखही ऐकून घ्या, कारण ते अगदीच खोटं नाही. इतकी वर्षं सुरुवातीचं बटण खाली डाव्या कोपऱ्यात होतं. डोळे मिटले तरी हात बरोब्बर तिथेच जायचा. नव्या आवृत्तीत कोणा शहाण्यानं ते उचलून मधोमध आणून ठेवलं! माउसची उजवी कळ दाबली की पूर्वी 'नक्कल करा', 'चिकटवा' असे सरळ शब्द यायचे. आता तिथे मुंगीएवढी चित्रं! कात्री कुठली आणि कंगवा कुठला, ओळखून दाखवा! फाइल शोधायला जावं, तर संगणक बाहेरचं हवामान सांगतो. आणि खिडक्यांचे कोपरे म्हणे गोल केलेत! "मी काय रांगतं पोर आहे, टोक लागेल म्हणून?" आवृत्तीराव पडद्याला विचारत. "एका शब्दानं विचारलं होतं का आम्हाला?"



या कटकटीत जीव अडकला होता तो त्यांच्या बायकोचा. बायको आर्किटेक्ट. घरात सगळे त्यांना बाईसाहेब म्हणतात आणि घरातल्या मोठ्या संगणकावरच त्यांचं काम चालतं. जन्मभर लोकांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं करून झाल्यावर पहिल्यांदाच त्यांच्या हाताशी मोठं काम आलं होतं. शहरातलं जुनं वाचनालय नव्यानं बांधायचं! दुसऱ्या दिवशी सकाळी समितीपुढे घरबसल्या संगणकावरूनच नकाशे दाखवायचे होते. समितीनं मान डोलावली तर काम बाईसाहेबांचं, नाहीतर पुन्हा न्हाणीघरं.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी पडद्यावर पाटी आली: 'आज रात्री मी नवा होणार आहे.'

"अहो, हे काय म्हणतंय?" बाईसाहेब घाबरल्या. "उद्याची सभा तेवढी पार पडू दे. मग त्याला काय व्हायचं ते होऊ दे!"

"तू निर्धास्त राहा. मी करतो बंदोबस्त!"

बंदोबस्त काय केला? संगणकाची तारीख बरोबर एक वर्ष मागे नेली! आवृत्तीराव स्वतःवरच इतके खूश झाले, की सासूबाईंच्या खोलीत जाऊन सांगून आले. "मागच्या वर्षी ही आवृत्ती जन्मालाच आली नव्हती! जी अजून जन्मलीच नाही, ती येणार कुठून?"

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जावईबापू, म्हणजे माझं गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा व्हायचंय का?"

सकाळी बाईसाहेब इस्त्रीचे कपडे घालून संगणकासमोर बसल्या. नकाशे तयार, बोलायचं पाठ, पाण्याचा पेला भरलेला. त्यांनी सभेचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'सभा सुरू व्हायला एक वर्ष आहे. कृपया थांबा.'

"अहो!"

ती हाक ऐकून आवृत्तीराव अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले. पाटी वाचली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी आवाज खणखणीत ठेवून ते म्हणाले, "काही नाही गं, सोपं आहे! तारीख पुढे घेतो की झालं!"

तारीख पुढे घेतली. संगणक क्षणभर स्तब्ध झाला. झोपेतून उठलेल्या माणसाला आपण वर्षभर झोपलो होतो असं कळावं, तसं त्याचं झालं असावं. दुसऱ्या क्षणी पडदा निळा झाला, मधे एक गोल फिरू लागला आणि खाली पाटी आली: 'मी नवा होतो आहे. मला बंद करू नका.'

"थांबव ना त्याला!" बाईसाहेब 'तुम्ही'वरून एकदम 'तू'वर आल्या. असं क्वचितच होतं, आणि झालं की काही खरं नसतं.

"नको! मधेच थांबवलं तर नकाशे जातील!"

"मग माझ्या फोनवरून लाव!" त्यांनी फोन उघडला. "आता हा काय म्हणतोय? 'आपली आवृत्ती फार जुनी आहे, सभेत येता येणार नाही'? माझा फोन जुना कसा राहिला?"

आवृत्तीरावांनी नजर छताकडे वळवली. बाईसाहेबांच्या फोनचं नवं होणं त्यांनीच बंद करून ठेवलं होतं. प्रेमानंच केलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आल्या आणि आपला फोन पुढे केला. "हा घे. जावयाच्या हाताला लागू दिला नाही, म्हणून धडधाकट आहे."

फोन साखरेच्या डब्याला टेकून उभा केला. सभा लागली! पण नकाशे तर त्या फिरत्या गोलाच्या पोटात. बाईसाहेबांनी कपाटावरून कच्च्या नकाशाची गुंडाळी ओढली. टेबलाएवढा तो कागद, फोनसमोर टाचायला भिंत नाही, आणि समिती समोर खोळंबलेली.

"तुम्ही धरा!"

आणि आवृत्तीराव, अर्ध्या गालाला साबण, दोन्ही हात वर, त्या कागदामागे उभे राहिले. समितीला दिसत होता नुसता नकाशा आणि त्याच्या कडांवरची बोटं.

बाईसाहेब छान बोलल्या. खिडक्या कुठे, उजेड कुठून, पुस्तकांची कपाटं कशी, सगळं. अध्यक्षबाई अधूनमधून "वा!" म्हणत होत्या. मग समितीतल्या अप्पांनी घसा खाकरला. अप्पा म्हणजे वाचनालयाचे सर्वांत जुने सभासद, आणि त्यांनी नाही म्हटलं की समितीचं घोडं तिथेच अडायचं.

"दार कुठे गेलं?" अप्पांनी विचारलं.

"बाजूच्या गल्लीकडे घेतलंय, अप्पा."

"का पण? जन्म गेला आमचा समोरच्या दारानं आत शिरण्यात! डोळे मिटून जातो आम्ही! शिरलं की डाव्या हाताला वर्तमानपत्रं. ती कुठे ठेवलीत? मधोमध! कोणा शहाण्याला सुचलं हे? एका शब्दानं विचारलं होतं का आम्हाला?"

कागदामागे आवृत्तीरावांच्या अंगावर काटा आला. अहो, जगात असा माणूस आहे! त्यांची मान आपोआप हलू लागली, मानेबरोबर हात आणि हातांबरोबर अख्खा नकाशा.

"बघा!" अप्पा ओरडले. "तुमचा नकाशासुद्धा हो म्हणतोय!"

बाईसाहेबांनी टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. मग शांतपणे म्हणाल्या, "समोरच्या दाराला पायऱ्या आहेत, अप्पा. ज्यांना त्या चढवत नाहीत ते यायचे थांबले. नवं दार रस्त्याच्या पातळीला आहे."

"चार पायऱ्यांनी कोणाचं काय बिघडतंय? दार आहे तिथेच ठेवा, नाहीतर माझी संमती नाही!"

आवृत्तीरावांनी कागदाच्या कडेनं डोकावून पाहिलं. बायको हातातली पेन्सिल बोटांत नुसती फिरवत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ती पेन्सिल ठाऊक झाली होती. ती अशी फिरू लागली की बाईसाहेब "बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात आणि रात्री जेवत नाहीत.

"सवय होते हो!" कागदामागून आवाज फुटला. "आठवडाभर शिव्या द्याल, मग पाय आपोआप नव्या दाराकडे वळतील! मधोमध ठेवलं म्हणून काय झालं? उलट सगळ्यांना सारखंच जवळ! बदल करणारा काही आपला वैरी नसतो, त्यानंही विचार केलेला असतो!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आपल्या तोंडून हे नक्की कोण बोललं, ते आवृत्तीरावांनाही कळेना.

"कोण बोलतंय ते?" अप्पा गोंधळले.

"आमचे हे," बाईसाहेब म्हणाल्या.

"अनुभवी दिसतात."

"दांडगा अनुभव आहे."

अप्पा बराच वेळ पुटपुटत राहिले. अखेर म्हणाले, "ठीक आहे. पण माझी एक अट. नवं वाचनालय उघडेल तेव्हा आम्ही म्हातारे गोंधळणार. पहिला आठवडा रस्ता दाखवायला दाराशी एक माणूस उभा करा. तो कागदामागचा चालेल!"

काम मिळालं! बाईसाहेबांनी आईला मिठी मारली, मग नवऱ्याला, आणि गालावरचा साबण स्वतः पुसला. संगणकही तेवढ्यात नवा होऊन हसतमुखानं उगवला. नकाशे जागच्या जागी होते. आवृत्तीराव त्याला एक अक्षर बोलले नाहीत. आता बोलणार तरी कोणत्या तोंडानं?

वाचनालय उभं राहिलं. उघडायच्या दिवशी आवृत्तीरावांनी रजा टाकली, ठेवणीतला शर्ट घातला आणि म्हाताऱ्यांना काय सांगायचं ते आरशासमोर घोकलं. "घाबरू नका! नवं दार म्हणजे काही संकट नव्हे!" वेळेच्या आधीच जाऊन ते ताठ उभे राहिले.

पण कोणी फिरकेना! ऊन चढलं, पाय दुखले, तरी एकही म्हातारा नाही. लोकांना बदलाची इतकी भीती वाटावी, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

शेवटी कोपऱ्यावरून अप्पा आले, काठी उगारतच. "अहो, आम्ही सगळे केव्हाचे आत बसलोय! वर्तमानपत्रं वाचूनही झाली! तुम्ही इथे काय करताय?"

आवृत्तीरावांनी वळून पाहिलं. पाठीमागे नुकती रंगवलेली, कोरी करकरीत भिंत होती. जुनं दार पूर्वी तिथेच होतं; पाय सवयीनं तिकडेच वळले होते.

अप्पांनी त्यांचा हात धरला आणि म्हाताऱ्या माणसाला नेतात तसं, सावकाश, गल्लीकडच्या दाराकडे नेलं.