पेनलानच्या सशांसाठी एक सही

माणसाच्या तोंडून 'हो' कसं काढायचं, हे मला कुणी शिकवू नये! एकतीस वर्षं मी आमच्या खोऱ्यात शाळेची बस चालवलीय. वीस मैलांतला पन्नाशीच्या आतला एकूण एक शेतकरी माझ्या बसच्या सीटला नाक पुसून मोठा झालाय. तेव्हा शिकारीसाठी नवी जमीन मिळवायची म्हणजे काय? दार वाजवायचं, हसायचं, सही घ्यायची. झालं!

"आणि पन्नाशीच्या पुढचे?" माझ्या बायकोनं, नेस्टानं, विचारलं.

"ते तर मला बघूनच विरघळतात!"

झालं होतं असं, की ज्या शेतावर मी वीस वर्षं ससे मारत होतो ते विकलं गेलं आणि तिथे गवताऐवजी सोलर पॅनेल उगवली. नेमका त्याच महिन्यात माझा बंदुकीचा परवाना नव्यानं करायचा होता. पोलिसांच्या परवाना खात्यातल्या बेडोज बाई फोनवर म्हणाल्या, "इद्रिस, रायफल चालवणार कुठे? दिवाणखान्यात? जमीन शोधा, मालकाची लेखी परवानगी आणा, मग मी येऊन बघते. नाहीतर रायफल जमा करावी लागेल."

ती रायफल माझ्या वडिलांची. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, पण गाल टेकून टेकून दस्त्यावर पडलेली गुळगुळीत जागा अजून तशीच आहे. ती मी दुसऱ्या कुणाच्या कपाटात जाऊ देणार नव्हतो.

म्हणून बुधवारी सकाळी चांगला कोट चढवून मी पेनलानच्या शेतावर हजर! मालकीण मिस ओल्वेन गिटिन्स, वय ब्याऐंशी, राहणार एकटी. आणि टेकडीवर ससे इतके, की लांबून वाटावं गवतालाच कान फुटलेत!

दार उघडलं. बाईंचे डोळे लाल.

"आलात? मला वाटलं दुपार होईल."

माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती तर! मी टोपी काढून स्वयंपाकघरात शिरलो. "चांगल्या कामाला उशीर कशाला? फक्त तुमची परवानगी हवी."

"परवानगी मी सकाळीच दिली की, फोनवर."

नेस्टानं फोन केला असणार. गुणाची बायको!

"त्याला त्रास नाही ना होणार?" बाईंनी विचारलं.

"छे हो! कानामागे एक गोळी. कळणारसुद्धा नाही."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. सशांसाठी एवढी हळहळणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून म्हणालो, "आणि वाया काही जात नाही हं! माझी बायको कांदा-गाजर घालून मंद आचेवर शिजवते. बोटं चाटत राहाल!"

"शिजवते?"

"पुढच्या आठवड्यात तुम्हालाही डबाभर आणतो की!"

बाईंचा हात सावकाश शेगडीजवळच्या लोखंडी सळीकडे गेला.

"मॉर्गनला शिजवणार?"

"कोण मॉर्गन?"

"ज्याला मारायला आलात तो! अठ्ठावीस वर्षं माझ्या सोबतीला आहे. दर नाताळच्या देखाव्यात मेरी झालेल्या पोरीला पाठीवर घेऊन चर्चपर्यंत जातो. कालपासून मागे पेंढ्यावर पडलाय. खात नाही, उठत नाही, माझ्याकडे नुसता बघत राहतो..." आणि बाईंना हुंदका फुटला.

मी दोन पावलं मागे सरकलो. एकटेपणानं बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय! म्हातारा गडी आजारी पडलाय आणि ही मला सांगतेय गोळी घाल म्हणून!

"बाई, त्याला डॉक्टर हवा, गोळी नको!"

"डॉक्टरच म्हणाली गोळी घालावी लागेल!"

"कसली डॉक्टर ही! जेलमध्ये टाका तिला!"

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली आणि डॉक्टर आत आली. ताम्सिन! आमची जनावरांची डॉक्टर. सात वर्षं माझ्या बसमध्ये तिसऱ्या सीटवर बसायची.

"इद्रिसकाका? तुम्ही इथे कसे?"

"ताम्सिन, पोलिसांना बोलव! बाई माणूस मारायला सांगतायत!"

"ताम्सिन, ह्याला हाकल! हा मॉर्गनचा रस्सा करणार म्हणतो!"

ताम्सिननं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सळीकडे. "काका, मॉर्गन तट्टू आहे." मग बाईंकडे वळून म्हणाली, "आणि ह्यांना मी पाठवलेलं नाही. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, की अगदीच उठला नाही तर गोळी घालायला माणूस बोलवावा लागेल. आधी मला बघू तर द्या!"

मागे पेंढ्यावर एक करडं, ढेरपोटं, मिशाळ तट्टू आडवं पडलं होतं. त्याच्या नजरेत असं काही होतं, की मी पुन्हा टोपी काढली. ताम्सिननं पुढचा डावा खूर दाबला. मॉर्गन कळवळला.

"खुरात पू झालाय! काका, पाय घट्ट धरा."

मी धरला. ताम्सिननं खुराच्या तळाला सुरी लावली, काळा पू भस्सकन बाहेर आला, आणि मॉर्गननं सुटकेच्या आनंदात मला अशी लाथ हाणली की मी थेट शेणाच्या ढिगात! कोट, टोपी, प्रतिष्ठा, सगळं एकदम गेलं.

ताम्सिननं खुराला औषध लावून वर गाडीतून आणलेला तान्ह्या बाळाचा लंगोट बांधला. खरंच सांगतो, घोड्याच्या खुराला तोच नीट बसतो! पाऊण तासानं मॉर्गन धडपडत उठला आणि गवत खायला लागला. बाई त्याच्या मानेत तोंड खुपसून किती तरी वेळ उभ्या होत्या. मी आणि ताम्सिन उगाचच छपराकडे बघत राहिलो.

"आता सांग, कशासाठी आला होतास?" शेवटी बाईंनी विचारलं. 'तुम्ही'चा 'तू' झाला होता!

मी ससे म्हणालो. त्या इतक्या हसल्या की मॉर्गनचा आधार घ्यावा लागला. "अरे, माझा सगळा कोबी खाल्ला मेल्यांनी! आण तो कागद!"

आठवड्यानं बेडोज बाई आल्या. गोळी अडवायला मागे टेकडी आहे का, पायवाट कुठून जाते, सगळं चालून बघितलं. मॉर्गन लंगोट बांधलेल्या पायानं लंगडत आमच्या मागे.

"जमीन ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण शिकारीच्या वेळी हा बंदिस्त हवा."

परवाना झाला. रायफल घरी राहिली. पहिल्याच शनिवारी, संध्याकाळच्या उन्हात, मॉर्गनला तबेल्यात घालून, कडी दोनदा तपासून मी बांधाआड पालथा पडलो. समोर चाळीस पावलांवर सात ससे! वडिलांच्या गालाच्या जागी माझा गाल टेकवला, श्वास रोखला...

आणि मानेवर गरम, ओला श्वास आला. कडी उघडून स्वारी हजर! मी मुकाट्यानं गोळी काढून खिशात टाकली. सातही ससे पसार. मॉर्गननं माझ्या पाठीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले.

फाटकापाशी मिस गिटिन्स उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली, "काय रे, त्रास देतोय का?"

"छे छे, बाई!" मी पडल्या पडल्याच ओरडलो. "अजिबात नाही!"

"तुला नाही विचारलं! मी मॉर्गनला विचारतेय!"