पाळकसायब आन् त्यांचा कामगार

शमुवेल पाळक सोताला शिक्षा लावत्यात. आन् सोताबद्दल बोलत्यात ते असं, जनू दुसराच कुनी मानूस शेजारी हुबा हाय.

"किसनभाऊ, आज त्याला उठायला सव्वासहा झाले. पाचला उठायचं ठरलं होतं. आज त्याला चहा बंद."

पयल्यांदा ऐकलं तवा मी मागंम्होरं बघितलं. म्हणलं कोन बिचारा हाय, त्याला माझ्यातला अर्धा कप देऊ.

मी मळवली स्टेशनाभायेर रिक्षा लावतो. शाळेत दोन वर्सं गेलो, दोन्ही पयलीत. पाळकसायबांचं चर्च लोणावळ्यात. पर तितल्या खोल्या सगळ्या शनिवार-रविवारच्या पाव्हण्यांनी अडवलेल्या, म्हणून ते ऱ्हातात आमच्या भाजे गावात. बायको गेल्यापासनं एकलेच. रोज लोकलनं मळवलीला उतरायचं आन् हायवेवरचा पूल चढून घरापातूर चालत जायाचं. माझी रिक्षा म्होरं हुबी असताना. ह्येच माझं दुखनं.

"बसा की, सायब."

"त्याला परवानगी नाही."

"कोन देतं परवानगी?"

"मी."

आता अशा मानसाशी भांडायचं तरी कुनाशी?

त्याचं असं झालं, तीन वर्सांखाली, बायको गेली त्याच साली, खंडाळ्याला पाळक लोकांचं शिबिर झालं. तितं शिकवलं म्हणं, मंडळीचा, म्हंजी चर्चातल्या लोकांचा, पुढारी व्हायच्या आदी सोताचा पुढारी व्हा. बाकीचे पाळक जेवले, फोटो काढले, घरी गेले. आमच्यांनी मनावर घेतलं. सोताचे दोन भाग केले. एक सायब, एक कामगार. कामगारानं उपदेशाची तयारी केली न्हाई, आजाऱ्याकडं जायाला उशीर केला, कुनावर खेकसला, की सायब शिक्षा लावनार. कदी चहा बंद, कदी गोड बंद. रिक्षा मातर कायमची बंद.

दुसऱ्या कुनाला त्यांनी कदी शिक्षा लावल्याली मी ऐकली न्हाई. बेडसं गावचा एक जन दर म्हैन्याला दारू सोडतो आन् दर म्हैन्याला रडत येतो. त्याला मिठी. मी म्हणलं, "त्याला माफी आन् ह्याला शिक्षा, ह्यो कंचा न्याव?"

"तो मंडळीतला आहे," पाळकसायब म्हणले. "हा कामावरचा आहे."

मला लय आवडलं ते. म्हणलं आपुनबी करू. घरी सांगितलं, "आजपासनं मी दोन मानसं हाय."

बायको म्हणली, "दोगं? एकाच्याच भाकऱ्या थापून माझं हात गेलं."

तरी केलं. सकाळी पाचला सायब उठला, कामगार उठंना. सायब म्हणला, शिक्षा! तंबाकू बंद. कामगार म्हणला, मग मी संपावर. धा वाजता बघतो तर दोगं मिळून तंबाकू मळत बसलेले. बायको हंडा आदळून म्हणली, "दोगांतला कुनी पानी भरनार हाय, का तिसरा बोलवू?" तवापासनं मी परत एकच हाय, आन् त्योबी तिच्या हाताखाली.

औंदा पाळकसायबांचा गुडगा सुजला. तळेगावच्या डाक्टरनं सांगितलं, चढ चालू नका, न्हाईतर पाय कायमचा जाईल. मग बेडसं न्हाई, आंबी न्हाई, कुनाच्या दारात जाऊन बसनं न्हाई. पाळकाचं सगळं काम पायावर. तरी बाबा लंगडत पूल चढायचाच. मी टोमणा मारायचो, "कामगाराचं ऱ्हावं द्या, सायबाला म्हणावं रिक्षावाल्याची तरी दया करा." ते हसायचे आन् चालू पडायचे.

परवा लोकल गेली, मानसं पांगली, आन् पाळकसायब स्टेशनाच्या जिन्याच्या तळाला बसलेले. उठता येईना.

"आता तरी चला," मी म्हणलं.

"त्याला परवानगी नाही."

मी तापलो. "असा काय गुन्हा केलाय त्यानं? मुडदा पाडलाय का कुनाचा?"

ते गुडगा चोळत ऱ्हायले. मग म्हणले, "मेरी गेली त्या दिवशीची गोष्ट आहे." मेरी म्हंजी त्यांची बायको. "तो लोकलमध्ये होता. तिचा फोन आला, छातीत कळ येतेय, लवकर या. तो उतरला, रिक्षात बसला. दोन सीट कमी होत्या. रिक्षावाला वाट बघत थांबला. वीस मिनिटं. तो गप्प बसून राहिला."

"गप का?"

"लाज वाटली. दुसऱ्यासाठी त्यानं तहसीलदाराच्या दारात आरडाओरडा केला असता. स्वतःसाठी 'भाऊ, आत्ता निघा' एवढं तोंडातून निघालं नाही. घरी पोचला, तेव्हा शेजारणीनं मेरीचे डोळे मिटवले होते."

कोन रिक्षावाला, असं इचारायला मी तोंड उघडलं, आन् ते तसंच ऱ्हायलं. त्या दिवशी त्यांना मीच सोडलं हुतं. गावात मी मिरवलंबी हुतं, की पाळकसायब माझ्याच रिक्षातनं घरी गेले म्हणून. थांबल्यालं मातर मला आठवत नव्हतं. सीट भरंस्तोर थांबनं, ह्याला आमी थांबनं धरतच न्हाई.

आन् तीन वर्सं मी ह्या मानसाला रोज म्हणत हुतो, बसा की.

"सायब, मला का न्हाई बोल्ला?"

"तुमची काय चूक? तुम्हाला माहीतच नव्हतं. सांगायचं काम त्याचं होतं." मग म्हणले, "आणि सांगितलं असतं, तर तुम्ही उगाच मनाला लावून घेतलं असतं."

देवानं मला जीभ दिली ती नुसती टवाळीला. दुसरं तिला काय येत न्हाई. मी जाऊन रिक्षात बसलो आन् म्होरल्या काचेकडं बघत ऱ्हायलो.

लय येळानं ते कठड्याला धरून धरून आले. पुलाकडं बघितलं. रिक्षाच्या दांडीला हात लावला, काडला, परत लावला.

"किसनभाऊ," ते म्हणले. आवाज लय बारीक. "आत्ता निघा. माझा गुडघा दुखतोय."

ते बसले. मी रिक्षा चालू केली. तवर दुसरी लोकल आली, आन् मागनं दोगं-तिगं "ओ भाज्याला, भाज्याला" वरडत पळत आले.

मी थांबलो न्हाई.