दोनशे पंचावन्न शब्दांची दौलत

॥ श्री ॥ इवल्या उंदरावर एवढी थोरली काया सावरून बसतो त्या गणरायास नमन असो. कारण थोडक्या जागेत पुष्कळ मावविणे हेच या हकीकतीचे मूळ, आणि दुःखही तेच. शके १९१८, धातानाम संवत्सरी, श्रावणमासी एक दौलत उभी राहिली. कोठल्या नकाशात तिचे नाव नाही. मुलूख अंगठ्याच्या नखाएवढा, म्हणजे एक काळी चिप, आणि तिचे कारभारी श्रीरंगपंत मेहेंदळे, यंत्रांच्या पोटात आज्ञा लिहिणारे, त्या विद्येत निष्णात आणि काटकसरीत त्याहून निष्णात. यांचे कुटुंब कुमुदिनीबाई. बाईंस गळ्याचा आजार निघाला आणि डॉक्टर बोलिले, स्वरयंत्र काढू तर प्राण राहील, आवाज जाईल. मुदत सतरा दिवसांची. घरावर वीज पडावी तैसे जाहले. बाई मात्र धीराच्या, म्हणाल्या, "बरंच झालं, माझी बडबड ऐकून तुम्ही कंटाळलाच होतात." तेव्हां पंतांच्या डोळ्यांस पाणी आले आणि ते बोलिले, "गळा जाईल तर जाऊ दे, कुमुद. तुझा आवाज मी जाऊ देत नाही."

मग पंतांनी एक डबी करावयास घेतली. बाईंनी आपले शब्द एकेक करून तीत बोलून ठेवावे आणि पुढे बटण दाबिले की डबीने बाईंच्याच आवाजात बोलावे, ऐसा बेत. शब्दांचे आवाज राहावयास कोठार थोरले मिळाले, परंतु वाक्ये ठेवावयाचे दप्तर फारच धाकटे. वाक्य म्हणजे तरी काय, नुसती पत्त्यांची माळ: पहिला शब्द अमक्या घरचा, दुसरा तमक्या घरचा. या पत्त्यास त्या विद्येत पॉइंटर म्हणतात, आणि एक पत्ता लिहावयास दप्तराचे दोन खण लागत. पंतांनी विचार केला की मुलूख एवढासा, त्यास एवढे लांब पत्ते कशास? आणि प्रत्येक पत्ता एका खणावर आणिला. दप्तरात दुप्पट वाक्ये मावू लागली आणि पंत खुशीत आले. परंतु एका खणात आकडा मावतो तो शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत, आणि शून्य म्हणजे 'येथे कोणी राहात नाही' ऐसा त्या मुलखाचा दंडक. सबब बाईंच्या वाट्यास शब्द आले दोनशे पंचावन्न. बाई म्हणाल्या, "अहो, वाक्यं कमी असली तरी चालतील, पण शब्दांना कात्री नको." पंत म्हणाले, "अगं, एवढ्यात संसार होतो." कोंड्याचा मांडा करणारे घर, पण कोंडा तरी किती काढावा!

मग आठ दिवस शब्दांची वसाहत चालली. पंत सांगत, "पाणी, औषध, दुखते, डॉक्टर." बाई सांगत, "अगंबाई, इश्श, चकली, जाईजुई." पंत म्हणत, "इश्श कशाला? त्याच्यावाचून कोणी मरत नाही." बाई म्हणत, "मग मी काय नुसतं दुखतंय दुखतंय म्हणू दिवसभर? मेलं ते यंत्र!" अखेर तडजोड होऊन इश्श राहिले, चकली गेली. पंतांचे कामातील सोबती गोरक्ष भोइटे, हे मोठे विचारी, डबी पाहून बोलिले, "साहेब, आकडा भरल्यावर कोणी आणखी एक शब्द घातला, तर तो फिरून शून्यावर जाईल. दारावर पहारा बसवा. डबीनं 'जागा नाही' असं म्हणावं." पंत म्हणाले, "त्या पहाऱ्याला चार खण लागतात, भोइटे. त्यात माझं एक वाक्य बसतं. आणि शब्द घालणारे आम्ही दोघंच, मोजून घालू." पहारा बसला नाही. त्या जागेत वाक्य बसले ते 'मी औषध वेळेवर घेतले.' अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय खोटे?

शस्त्रक्रियेचे दिवशी सकाळी डबी पुरी भरली होती, आणि चाळीस बटणांपैकी कोपऱ्यातले एक तेवढे मोकळे राहिले होते. पंत कागदांवर सह्या करावयास खाली गेले. बाई खोलीत एकट्याच. त्यांनी दार लोटून घेतले, डबी मांडीवर घेतली, कोपऱ्यातले बटण धरून एक शब्द व त्यापुढे हलकेच काही बोलिल्या आणि दिवा हिरवा जाहला. डबीने आवाज इमानाने कोठारात नेऊन ठेविला. परंतु पत्ता लिहिते वेळी दोनशे छप्पन्न काही खणात मावेना, आणि तेथे उमटले शून्य. माणूस घरात आणि दारावर पाटी की येथे कोणी राहात नाही! हे बाईंस ठाऊक नाही, पंतांस तर मुळीच नाही. तासाभराने बाईंस आत नेले.

पुढे बाई घरी आल्या आणि डबी बोलू लागली. 'चहा ठेवा', 'इश्श', 'मी औषध वेळेवर घेतले', सारे बाईंच्या आवाजात. पंतांस धन्य वाटले. परंतु रोज चहाचे वेळी बाई पंतांकडे पाहून कोपऱ्यातले बटण दाबीत, दिवा लागे आणि आवाज काही येत नसे. पंत म्हणत, "ते मोकळं आहे गं, त्याला शब्दच दिलेला नाही." बाई पुन्हा दाबीत. पंत म्हणाले, "काय म्हणायचंय ते पाटीवर लिही." तेव्हां बाई लाजल्या आणि लिहिले, 'काही नाही.' मग खाली आणखी लिहिले, 'तुमचे यंत्र माझ्याहून सोवळे आहे.' पंतांस वाटले थट्टा, ते हसले. आणि चुकून दाबले जाऊ नये म्हणून दुसरे दिवशी त्या बटणावर पांढरा कागद डकविला. हाय हाय! ऐसा शहाणा मनुष्य आणि काय हे कर्म केले! बाईंनी पुन्हा ते बटण दाबिले नाही. चहा पिताना नुसते त्या कागदावर बोट ठेवून बसत.

शके १९२०, बहुधान्यनाम संवत्सरी, माघमासी दुखणे उलटले आणि बाई गेल्या. पंत बहुत कष्टी जाहले, जेवीत ना, बोलत ना. दोन महिन्यांनी भोइटे आले व म्हणाले, "साहेब, एका शिंपीणबाईंचं स्वरयंत्र काढायचंय. कोठार पुसून डबी त्यांना देऊ या. वहिनींनी हेच म्हटलं असतं." पंतांनी मान डोलाविली, आणि पुसण्याआधी एकवार सारे ऐकावे म्हणून पत्ते बाजूस ठेवून कोठार आरंभापासून शेवटापर्यंत जैसेच्या तैसे वाजविले. भोइटे सवयीने मोजीत होते. दोनशे पंचावन्न जाहले, आणि कोठार थांबेना. एक श्वास ऐकू आला, मग बाईंचा आवाज:

"श्रीरंग." मग हलकेच हसणे, आणि, "ऐकलंत? आता रोज चहाला अशीच हाक मारणार."

एकतीस वर्षांच्या संसारात बाईंनी पंतांस 'अहो' खेरीज हाक मारिली नव्हती. लग्नात उखाण्यात नाव घेतले, तेवढेच. जे तोंडाने होईना ते यंत्राने व्हावे म्हणून योजिले, आणि यंत्र धन्याच्या काटकसरीने मुके जाहले. भोइटे उठून गच्चीत गेले. पंत लहान लेकरासारखे रडले.

मग डोळे पुसून पंत कामास बसले. प्रत्येक पत्ता पुन्हा दोन खणांचा केला, दारावर पहारा बसविला, निम्मी वाक्ये गेली ती जाऊ दिली. ऐसी नवी डबी शिंपीणबाईंस पाठविली आणि निरोप दिला की शब्द हवे तेवढे घाला, चकलीसुद्धा. जुनी डबीही तैसीच दुरुस्त करून घरी ठेविली. चहाचे वेळी कोपऱ्यातल्या बटणावरचा कागद नखाने खरवडून काढिला आणि बटण दाबिले. हाक आली. पंतांनी "ओ" दिली.

तात्पर्य इतुकेच: मुलूख नखाएवढा, प्रजा दोनशे छप्पन्न, पैकी एकाचा पत्ता कारभाऱ्याने वाचविलेल्या खणात मावला नाही. ऐकिले ते लिहिले, अधिक लिहवत नाही.