चारशे ऐंशी घोडे आणि अर्धी खिडकी

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गाडीची ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी अर्ध्यावर येऊन थांबली. वर जाईना आणि खालीही येईना. अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटात थंडी सरली की पाइनच्या झाडांचे परागकण पडू लागतात आणि हळद लावल्यासारखं सगळं गाव पिवळं होतं. मी रोज सकाळी डोक्याला ओढणी आणि डोळ्यांवर गॉगल लावून लायब्ररीत कामाला जात होते आणि पोचल्यावर डावा खांदा झटकून आत शिरत होते. एका रविवारी पोहे खाताना मी नवऱ्याला म्हटलं, "चारुदत्त, ती खिडकी तेवढी करून घे ना रे."

हे वाक्य पुढे कामकाजात 'प्रकल्पाचा आरंभ' म्हणून नोंदवलं गेलं.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं. ती लाल आहे, दोन दारांची आहे आणि सतरा वर्षांची आहे. इथे अशा गाडीला मसल कार म्हणतात. पुढे भलंमोठं इंजिन असतं आणि मागे माणसं बसतील अशी नुसती आशा असते. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात चारुदत्तनं ती जुनी विकत घेतली होती. मग त्याची कंपनी घरून काम करू लागली. त्याला रोज बेडरूममधून डायनिंग टेबलापर्यंतच जायचं उरलं, म्हणून गाडी माझ्याकडे आली. मला व्हिसाच्या नियमानं कित्येक वर्षं नोकरी करायला मनाई होती. त्या वर्षांत मी शेजारपाजारच्या सगळ्या डोहाळजेवणांना उकडीचे मोदक पुरवले आणि घरातली प्रत्येक बरणी दोनदा घासली. आता या वयात काउंटीच्या लायब्ररीत नोकरी मिळाली होती. सहा महिने उमेदवारीचे होते. तेवढ्या काळात तीनदा उशीर झाला की नारळ.

नियम मिस लोरेटांनी, म्हणजे माझ्या साहेबिणीनं, पहिल्याच दिवशी सांगितला होता. "हनी," त्या म्हणाल्या होत्या, "आय डोन्ट मेक द रूल्स. आय जस्ट लव्ह देम."

चारुदत्त सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तो कुठलीही गोष्ट नुसती करत नाही, आधी तिची व्याप्ती ठरवतो. खिडकीची व्याप्ती ठरवायला त्यानं शनिवारी गॅरेजमध्ये बैठक बोलावली. दोन घरं पलीकडचा नागपूरचा यतीन आला. बैठका घेणं हाच त्याचा व्यवसाय आहे. त्यानं आयुष्यात बॉनेट उघडलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या मनात कसलाही पूर्वग्रह नव्हता. मोरेश्वरकाका आले. ते हृदयाचे डॉक्टर म्हणून चाळीस वर्षं काम करून निवृत्त झालेत, आणि उघडी छाती दिसली की त्यांना राहवत नाही.

"खिडकीसाठी दार खोलायचंच आहे ना वहिनी," यतीन चहाचा कप इंजिनावर ठेवत म्हणाला, "मग नुसती खिडकीच का? होलिस्टिकली बघू ना यार."

"वय काय?" काकांनी विचारलं.

"सतरा," चारुदत्त म्हणाला.

"श्वास कसा घेते?"

कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा श्वासापासून सुरुवात करायची, असं एकमतानं ठरलं.

मग माझी मुलाखत झाली. यतीननं लॅपटॉप उघडला. "वहिनी, तुम्ही आमच्या एंड युजर. तुमच्या अपेक्षा सांगा. मोकळेपणानं."

"खिडकी वर जावी. गाडी सकाळी चालू व्हावी. मी कामावर वेळेत पोचावं."

यतीननं ते सगळं टाइप केलं आणि वर मथळा दिला: 'झाल्यास बरं'.

"मग झालंच पाहिजे, असं काय आहे?"

"हॉर्सपॉवर!" तिघं एकदम म्हणाले. गाडीत तीनशे घोडे होते. उद्दिष्ट चारशे ऐंशीचं ठरलं. चारशे ऐंशीच का, हे मी विचारलं. पाचशे म्हटलं की लोकांना अतिशयोक्ती वाटते, असं उत्तर मिळालं.

"अरे, लायब्ररीच्या रस्त्याला सिग्नलमागून सिग्नल आहेत. तिथे एका घोड्याला पळायला जागा नाही."

"अगं, पळवायचे नसतात ते," चारुदत्त मऊ आवाजात म्हणाला. "असायचे असतात."

ऑफिसात गेली तीन वर्षं त्याच्या कामाला 'अपेक्षेनुसार' असा शेरा मिळत होता. त्याच्या डोळ्यांत त्या क्षणी जे होतं त्याला 'अपेक्षेनुसार' म्हणता आलं नसतं. मी गप्प बसले. बायका अशा क्षणी गप्प बसतात, आणि मग पुढचे पाच महिने त्याची फळं खातात.

पहिल्या टप्प्यात गाडीचा श्वास मोकळा केला. आत हवा घ्यायची नळी जाड केली, बाहेर धूर सोडायचा पाइपही जाड केला. सोमवारी सकाळी मी किल्ली फिरवली. समोरच्या घराच्या खिडकीतून एक मांजर पडद्यावर चढताना दिसलं. आमची उर्वी दारात उभी होती. तिला मी शाळेत सोडणार होते. ती म्हणाली, "आई, आय ॲम नॉट गेटिंग इन दॅट," आणि त्या दिवसापासून ती स्कूलबसनं जाऊ लागली.

गुरुवारी एचओएची, म्हणजे आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेची नोटीस आली. वसाहतीच्या हद्दीत सकाळी नऊच्या आत असं इंजिन सुरू करायला मनाई करण्यात आली होती. मला आठला निघावं लागतं. आमच्या गॅरेजमधल्या समितीनं तातडीची बैठक घेतली.

"जुना पाइप परत लावा," मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "वहिनी, रोलबॅक म्हणजे फेल्युअर," यतीन म्हणाला. "नोटीस नीट वाचा. इंजिन सुरू करायला बंदी आहे. गाडी न्यायला बंदी नाही."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पावणेआठला समिती गोळा होऊ लागली. मी आत स्टिअरिंग धरून बसायची आणि चारुदत्त नि यतीन मागून गाडी ढकलायचे. काका शेजारून चालत दोघांच्या नाड्या मोजायचे. वसाहतीच्या दगडी कमानीबाहेर गेलं की मी किल्ली फिरवायची. गावोगाव लोक अशक्त झालेली गाडी ढकलतात. आमची गाडी ताकद वाढल्यामुळे ढकलावी लागत होती.

पहिल्याच आठवड्यात मला उशीर झाला. मिस लोरेटांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दॅट्स वन, हनी."

घरी येऊन मी चारुदत्तला सांगितलं. तो खरोखर गंभीर झाला. "याचं मूळ कारण शोधायला हवं," तो म्हणाला. समितीनं शोधलं. मूळ कारण असं निघालं की, वाढलेल्या ताकदीची गाडी मी जुन्या ब्रेकांच्या भीतीनं हळू चालवत होते. म्हणून ब्रेक मोठे केले. ते जुन्या चाकांत मावेनात, म्हणून चाकं मोठी केली. मोठ्या चाकांवर गाडी उंच दिसू लागली, म्हणून स्प्रिंगा बदलून ती खाली बसवली. आता ती जमिनीला इतकी लगटून उभी राहायची की तिच्याखालून वर्तमानपत्रही सरकलं नसतं.

आमच्या वसाहतीत एक स्पीड ब्रेकर आहे. गाडी त्याच्यावर पोट टेकून बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि मी मधोमध. मागे शाळेला निघालेल्या गाड्यांची रांग लागली. कुणी हॉर्न वाजवला नाही, सगळे उतरून फोटो काढू लागले. एका गृहस्थानं खाली वाकून मला विचारलं, "ब्यूटिफुल! कुठलं इंजिन?"

"दॅट्स टू, हनी," त्या दिवशी मिस लोरेटा म्हणाल्या. त्या वाईट नाहीत. त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि मग नोंद केली.

मी त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये उभी राहून ओरडले. "आता एकदा उशीर झाला की नोकरी गेली! कळतंय का तुम्हाला?"

"सूनबाई, रक्तदाब," काका म्हणाले.

"तू दोन वेगळे विषय एकत्र करतेस," चारुदत्त म्हणाला. "तुझी नोकरी हा एक विषय, गाडी हा दुसरा. गाडी तर ट्रॅकवर आहे."

"आणि खिडकी?"

"रांगेत आहे ना वहिनी," यतीन समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण खरं सांगू? उघड्या खिडकीनं काचेचं वजन काही कमी होत नाही. ती काचच काढून टाकली तर?"

अशा रीतीनं तिसरा टप्पा सुरू झाला. त्याचं नाव वजन. जास्तीची ताकद आणायला खर्च येतो, वजन काढायला नुसते पाने लागतात. मागची सीट गेली. जादा चाक गेलं. एसी, रेडिओ, गालिचे, शेजारची सीट, सगळं गेलं. डॅशबोर्डावरच्या गणपतीवर पाऊण तास चर्चा झाली आणि त्याचं वजन हिशेबात धरू नये असा ठराव झाला. काढलेलं सामान अंगणात ठेवायला एचओएची बंदी आहे, म्हणून ते आमच्या दुसऱ्या गाडीत, मिनीव्हॅनमध्ये भरलं. ती शिगोशिग भरली आणि तिच्यात माणूस शिरेनासा झाला.

मग एका शनिवारी गॅरेजमध्ये काम थांबलं होतं. यतीन लॅपटॉपकडे बघत होता. चारुदत्त जमिनीकडे बघत होता.

"काय झालं?" मी चहा घेऊन आले होते.

"काही नाही," चारुदत्त म्हणाला.

"सांगून टाक," काका म्हणाले. "पेशंटपासून लपवू नये."

"वहिनी, आकडे माझे नाहीत, सिस्टिमचे आहेत," यतीन म्हणाला. "इंजिन सोडलं तर गाडीत आता सगळ्यात जड पार्ट म्हणजे... तुम्ही."

काकांनी मला आहाराचा तक्ता दिला. साखर बंद, भात बंद. चारुदत्तनं माझ्यासाठी सुधारणा योजना आखली आणि दर बुधवारी पंधरा मिनिटं माझा आढावा घेऊ लागला. तीन आठवड्यांत मी दोन पौंड उतरवले. यतीन म्हणाला, चांगली सुरुवात आहे, पण ट्रेंड पुरेसा नाही. मग एका बुधवारी चारुदत्तनं माझा हात हातात घेतला. इतक्या प्रेमानं त्यानं तो बऱ्याच दिवसांत धरला नव्हता.

"अगं, आम्ही तू नसतानाचे आकडे काढून पाहिले," तो म्हणाला. "अप्रतिम येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीविना घराबाहेर पडले. भाड्याची गाडी मागवायची सोय नव्हती. घरात एवढं दमदार वाहन असताना आपण परकी गाडी बोलावली तर कमानीवर लोक काय म्हणतील, असं चारुदत्तचं म्हणणं होतं. लायब्ररी चार मैल आहे. आमच्याकडे फुटपाथ वसाहतीच्या शोभेपुरता असतो. कमानीबाहेर तो गवतात विरून जातो. मी साडीच्या निऱ्या धराव्यात तशी पँट धरून गवतातून चालले होते, तेव्हा मागून निळा दिवा फिरला.

"मॅम, आर यू ओके?" पोलीस तरुण होता आणि खरोखर काळजीत होता. वसाहतीतून दोन जणांनी फोन केला होता, एक बाई चालतेय म्हणून.

"कामावर चाललेय."

"चालत?" त्यानं माझ्या आजूबाजूला पाहिलं. "कुत्रा कुठे आहे?"

"कुत्रा नाही."

"गाडी?"

"गाडी अपग्रेड होतेय."

त्याचा चेहरा एकदम निवळला. "ओह! कुठलं इंजिन?"

मी त्याला सगळं सांगितलं. आठ सिलिंडर, जाड पाइप, मोठे ब्रेक. त्यानं मागचं दार उघडलं आणि मला लायब्ररीपर्यंत सोडलं. पुढे जाळी होती, दाराला आतून कडी नव्हती, पण एसी गार होता. गेल्या कित्येक महिन्यांतला माझा हा सगळ्यात सुखाचा प्रवास होता. मिस लोरेटा पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्यांनी पोलिसाला दार उघडताना पाहिलं, मला उतरताना पाहिलं, घड्याळ पाहिलं.

"हनी," त्या म्हणाल्या, "यू आर अर्ली."

त्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही. इथे खासगी गोष्टी विचारत नाहीत.

उमेदवारी संपेपर्यंत तो पोलीस रोज सकाळी कमानीपाशी थांबू लागला. त्या बदल्यात मी त्याला गाडीची ताजी बातमी द्यायची. पुढे तो शनिवारी गॅरेजमध्येही येऊ लागला आणि त्याला चहात आलं आवडू लागलं. कमानीबाहेर इंजिन तापवून चारुदत्त एकटाच आत बसून राहायचा, तेव्हा तो बाहेरून सलाम ठोकायचा. चारुदत्त इतका हसरा मी लग्नातही पाहिला नव्हता.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी मी कायम झाले. मिस लोरेटांनी मला मिठी मारली आणि माझ्या कुर्त्यावर बिल्ला लावला. पांढरा, त्यावर निळ्या ठळक अक्षरांत माझं पूर्ण नाव. या देशात माझं नाव आजवर कुणाच्या तरी नावाखाली, 'अवलंबित' या रकान्यात छापलं जात होतं. मी तो बिल्ला न काढता घरी आले.

गॅरेजमध्ये बैठक चालू होती. मी बातमी सांगितली. टाळ्या वाजल्या. काकांनी डोळे पुसले, आणि मला एक चमचा साखरेची सूट दिली.

"बघा, आकडे काय सांगतात," यतीन म्हणाला. "वजनाचा टप्पा पूर्ण झाल्यापासून युजर एकदाही लेट नाही. वहिनी, हे प्रकल्पाचं यश आहे."

चारुदत्तनं बिल्ला हातात घेतला, वरखाली करून तोलला. "प्लास्टिकचा आहे," तो समाधानानं म्हणाला, मला परत दिला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला.

त्यानं वाचला नाही म्हणून मी रागावले नाही. हा वृत्तान्त मी आजवर पुष्कळांना सांगितला आहे आणि सगळ्यांनी इंजिनाचीच चौकशी केली आहे. तुम्हीसुद्धा इथवर आलात. गाडीत किती घोडे आहेत ते तुम्हाला पाठ झालं, माझ्या नवऱ्याचं, शेजाऱ्याचं, काकांचं, साहेबिणीचं नाव तुम्ही ओळखू लागलात. बिल्ल्यावर कुठलं नाव होतं, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?