कुरकुरीत कंबर

सिनेमागृहात बाहेरचं खाणं चोरून नेण्याच्या विद्येत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. छत्रीच्या घड्यांत सोललेली संत्री मी नेलेली आहेत. शेकायच्या रबरी पिशवीतून चहा नेलेला आहे. त्या चहाला टायरची चव येत होती हे खरं, पण आत पोचला की नाही? पोचला!

त्यामुळे या खेपेस नुसते टोस्ट न्यायचे होते, ते मला अगदीच किरकोळ काम वाटलं.

आता टोस्टच का, हे सांगायला हवं. बायकोला नवी कवळी बसली. पहिल्या दिवशी आरशासमोरून वळून तिनं विचारलं, ‘‘कशी दिसतेय?’’ मी म्हणालो, ‘‘छान दिसतेस!’’ उत्तर जरा लवकर दिलं गेलं. मी अजून पेपरातून मान वर केली नव्हती.

पण खरा घोटाळा चहाच्या वेळी झाला. ‘‘साखर घालू का?’’ असं तिनं विचारलं आणि ‘साखर’मधल्या ‘सा’बरोबर एक बारीक, टोकदार शिट्टी वाजली. खालच्या मजल्यावरचा कुत्रा उठून बसला. तिनं तोंडावर रुमाल धरला, तो धरलाच.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातून ‘स’ हे अक्षर हद्दपार झालं. सकाळला ती ‘उजाडल्यावर’ म्हणू लागली. साबणाला ‘ती अंगाची वडी’. मला ‘बसा’ म्हणायच्या ऐवजी ‘टेका’ म्हणू लागली. सूनबाईंचा फोन आला की ‘लेकाच्या बायकोचा फोन’! पण मराठीतून असं, तसं, कसं आणि नसेल काढून टाकलं, तर नवरा-बायकोंनी बोलायचं काय? अहो, ‘संसार’ हा शब्दच घ्या! हळूहळू सगळं बोलणं ‘हं’वर आलं. तेही रुमालाआडून.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! मलाही पहिले दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चपला आडव्या टाकल्या तरी कोणी काही म्हणेना. ओला टॉवेल गादीवर टाकून पाहिला. काही नाही! तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. तिनं तो काढला, पुसला आणि मुकाट्यानं माझ्या हातात दिला. तेव्हा मात्र मी घाबरलो. आयुष्यभर जिची कुरकुर ऐकत मी जागा झालो आणि झोपलो, ती बाई गप्प झाली होती. घर इतकं शांत झालं, की मला फ्रिज बोलका वाटायला लागला.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘काकूंना काहीतरी कडक चावायची सवय लावा. कवळी नीट बसली की शिट्टीही कमी होईल. पण पुढच्या भेटीपर्यंत सवय झाली नाही, तर कवळी पेल्यातच राहील. पुष्कळांची राहते.’’

घरी आल्यावर बायकोनं त्या पेल्याकडे असं पाहिलं, जसं दमलेला माणूस पलंगाकडे पाहतो. माझ्यासमोर चावायला तयार नाही! दुधात कालवलेला पाव, तोही भिंतीकडे तोंड करून. कडक काही पुढे केलं की मान हलवायची.

तेव्हा मला सिनेमा सुचला! अंधारात कोण कोणाचं तोंड बघतंय? शिवाय सिनेमात हातात जे येईल ते न बघता खायची तिची जुनी सवय. एकदा मी चुकून तिकिटं दिली, तर त्यांचाही कोपरा गेला होता. पॉपकॉर्नला डॉक्टरीणबाईंची बंदी, कारण त्याची सालं कवळीखाली जाऊन रुततात. म्हणून टोस्ट. आवाजाची सोय म्हणून ज्यात जास्तीत जास्त मारामारी आहे असा सिनेमा निवडला. पडद्यावर स्फोट झाला, की इकडे टोस्ट!

‘‘पिक्चरला जायचं?’’ मी विचारलं.

‘‘हं,’’ ती म्हणाली.

माझा कमरेचा जुना पट्टा कपाटात पडून होता. रुंद, जाड, बक्कलवाला. त्याच्या आत मी टोस्ट उभे लावले, कुंपणाच्या फळ्यांसारखे. वरून सदरा. आरशात पाहिलं, तर एखादा निवृत्त सेनापती! फक्त वाकता येत नव्हतं, बसता येत नव्हतं आणि खोल श्वास घेतला की पाठीमागून कुणीतरी पाचोळ्यावर चालल्यासारखं वाटायचं. बसमध्ये एका मुलीनं उठून जागा दिली. मी म्हणालो, ‘‘नको बाळ, मला उभं राहायला आवडतं.’’ बायकोनं माझ्याकडे रुमालावरून पाहिलं. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

सिनेमागृहाच्या दारात तपासणीच्या दोन रांगा होत्या, बायकांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी. आमच्या रांगेवर एक पहिलवान गार्ड होता. त्यानं माझ्या कमरेवर हात ठेवला आणि थबकला.

‘‘हे काय, काका?’’

‘‘कमरेचा पट्टा.’’

‘‘मणका?’’

‘‘मणका.’’

त्याचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. ‘‘कितवा?’’

मला मणक्यांचे आकडे माहीत नव्हते. म्हणालो, ‘‘सगळेच.’’

‘‘अरेरे! माझा एकच गेलाय तर मला रात्री कूस बदलता येत नाही. तुम्ही कसं काढता हो?’’ असं म्हणून त्या भल्या माणसानं भर रांगेत मला मिठी मारली!

कुर्रर्रर्र!

गार्ड जागच्या जागी गोठला. हळूच मिठी सोडून तो कापऱ्या आवाजात म्हणाला, ‘‘काका... हे काय वाजलं?’’

‘‘काही नाही, जुनंच आहे,’’ मी म्हणालो आणि निघायला म्हणून पाऊल उचललं. कुर्र!

‘‘हलू नका!’’ गार्ड ओरडला. ‘‘मी मोडलं यांना! खुर्ची आणा! चाकांची खुर्ची आणा!’’

खुर्ची आली. ‘‘मी बसत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘वेदनेनं असं बोलतायत,’’ गार्ड म्हणाला आणि दोन्ही खांदे दाबून त्यानं मला बसवलं. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. पॉपकॉर्न विकणाऱ्या बाईनं कानांवर हात ठेवले, एवढंच सांगतो.

‘‘बाजूला व्हा, मी डॉक्टर आहे!’’ रांगेतून एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी माझ्या पाठीवर थापट्या मारल्या, मानेखाली खाजवलं आणि म्हणाले, ‘‘शांत... शांत... हं, आता शेपूट... म्हणजे कंबर हलवा पाहू.’’

‘‘तुम्ही कसले डॉक्टर?’’ मी संशयानं विचारलं.

‘‘गुरांचा. पण पाठीचा कणा तो कणाच!’’ असं म्हणून त्यांनी अंगठे रोवून खालपासून वरपर्यंत असं काही दाबलं, की पट्ट्यातला टोस्ट अन् टोस्ट शहीद झाला असं मला वाटलं. माझ्या पँटच्या पायातून बारीक, भुरका चुरा भुरुभुरु खाली पडायला लागला.

पॉपकॉर्नवाली किंचाळली, ‘‘अगं बाई! काकांच्या हाडांचा भुगा पडतोय!’’

ही बातमी बायकांच्या रांगेत पोचली. तिथं माझी बायको पर्स उघडून उभी होती. तिनं पर्स तिथंच टाकली. रुमालही टाकला. गर्दीतून वाट काढत आली आणि ज्या अक्षराला तिनं इतके दिवस कोंडून ठेवलं होतं, ते बांध फुटल्यासारखं बाहेर पडलं.

‘‘सरका! सगळे सरका! सोडा त्यांना, सोडा म्हणते ना! सत्यानाश केलात सगळ्यांनी!’’

प्रत्येक ‘स’बरोबर शिट्टी! आणि साधीसुधी नव्हे, रेल्वे थांबेल अशी! गार्डनं सवयीनं टाचा जुळवून सलाम ठोकला. शिट्टी म्हणजे संकट, असं तिथल्या लोकांना शिकवलेलं होतं. दुसरे दोन गार्ड धावत आले. कुणीतरी आतली सगळी दारं उघडली आणि सिनेमाला नुकतेच बसलेले लोक ‘काय झालं, काय झालं’ करत बाहेर आले.

बायको माझ्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली होती. तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले होते.

‘‘अहो, सांगा ना! सोसतंय का? श्वास घ्या सावकाश. मला सोडून कुठं जायचं नाही, सांगून ठेवते!’’ तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आता मात्र मला राहवेना. मी खाली वाकून तिच्या कानात म्हणालो, ‘‘अगं, टोस्ट आहेत.’’

‘‘काय?’’

‘‘टोस्ट. तुझ्यासाठी. अंधारात चावायला. तुझी कुरकुर ऐकू येत नाही गं घरात.’’

तिनं माझ्या गुडघ्यावरचा चुरा चिमटीत घेतला. हुंगला. माझ्याकडे पाहिलं, त्या पट्ट्याकडे पाहिलं, माझ्या पाठीवर कान लावून बसलेल्या गुरांच्या डॉक्टरांकडे पाहिलं. आणि हसली! रुमाल नाही, हात नाही, भर उजेडात, सगळ्या लोकांसमोर, नव्या कोऱ्या बत्तीस दातांनिशी हसली! आणि गंमत सांगू? दातांकडे कोणाचं लक्षही नव्हतं. सगळे माझ्या पँटकडे बघत होते.

गार्डनंही चिमूटभर चुरा हुंगला आणि त्याचा चेहरा मात्र पडला. ‘‘म्हणजे काका, मणका ठणठणीत?’’

‘‘ठणठणीत.’’

‘‘मी तुम्हाला मिठी मारली हो!’’ तो कळवळून म्हणाला. मला फार वाईट वाटलं. मग नाक ओढून, ताठ होत त्यानं हुकूम सोडला, ‘‘बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही. काय असेल ते इथं बसून संपवा!’’

इथं म्हणजे दिव्याच्या झगझगाटात, एवढ्या गर्दीपुढे! माझी सगळी योजना अंधारावर बेतलेली. मी मुकाट्यानं पट्टा सोडला. भुग्याच्या ढिगात नेमका पाठीच्या खळगीतला एक टोस्ट अखंड निघाला. मी तो बायकोपुढे धरला आणि लगेच मागे घेणार होतो, कारण मान हलणार हे मला ठाऊक होतं.

तिनं आधी रुमालासाठी हात चाचपला. रुमाल तिकडे लांब, कुणाच्या तरी पायाखाली. तिनं माझ्याकडे पाहिलं, टोस्ट घेतला, डोळे मिटले आणि चावला.

कुर्रर्र!

गार्ड दचकून म्हणाला, ‘‘आता कोणाचं वाजलं?’’

‘‘माझं!’’ बायको तोंडभर टोस्टनिशी म्हणाली. उरलेला अर्धा तिनं मोडून गार्डच्या हातावर ठेवला. ‘‘घे. मिठी मारलीस ना यांना? मग खा.’’ त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्ला. मग आम्हाला स्वतः आत नेऊन बसवलं.

सिनेमा कसा होता ते मात्र विचारू नका. पहिल्या स्फोटापासून शेवटच्या स्फोटापर्यंत ती बोलत होती. सकाळचा सदरा, साबणाची वडी, फ्रिजमधला चष्मा, गादीवरचा टॉवेल, सगळं साचलेलं निघालं, शिट्ट्यांसकट! पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं वळून विनवलं, ‘‘आजी, जरा कुरकुर थांबवता का?’’ मी म्हणालो, ‘‘भाऊ, त्या कुरकुरीसाठीच तर तिकीट काढलंय.’’

पुढच्या भेटीला डॉक्टरीणबाईंनी कवळी तपासली आणि खूश झाल्या. ‘‘वा! मस्त बसलीय की! शिट्टीही गेली जवळजवळ. काका, सवयीला असं कडक दिलंत तरी काय काकूंना?’’

‘‘टोस्ट न्यायचे होते,’’ मी म्हणालो, ‘‘पण त्यांचा चुरा झाला. मग माझं डोकंच खाल्लं.’’